दिवाणपद सोडलं, पण चिनी मातीच्या भांड्यांचा नाद काही सुटला नाही

पैठण रस्त्यावरचं चितेगाव एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. याच संस्थानाचे दिवाण होते तिसरे सालारजंग, म्हणजे मीर युसूफ अली खान. जन्म १८८९ चा, तोही आपल्या पुण्यातला. १९१२ मध्ये ते दिवाण झाले आणि दोनच वर्षांत त्यांनी पद सोडलं. पुढं आयुष्यभर एकच नाद, दुर्मिळ वस्तू जमवायचा. इंग्लंडच्या वेजवूडपासून युरोपभरची चिनी मातीची भांडी त्यांनी गोळा केली.

१९४९ मध्ये ते गेले. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. नातेवाइकांच्या वाटण्यांत सगळा संग्रह फुटला असता. पण सरकारनं तो सांभाळला, १९५१ मध्ये त्यांच्या वाड्यातच संग्रहालय उघडलं. पुढं नातेवाइकांनीही संमती दिली. म्हणून ती भांडी आजही हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये बघायला मिळतात.