जुनें वाद्य आणि तरुण वादक : ज्योव्हान्नी बोत्तेसिनी

पाश्चात्य वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेंत, एका अंगास, माणसाहून उंच अशीं कांहीं तंतुवाद्यें आणि त्यांना कवटाळून उभे राहिलेले वादक आपणांस दिसतात. तें वाद्य म्हणजे डबल बास. आकारानें तें व्हायोलिनच्या कुळांतील. पण व्हायोलिन हनुवटीखालीं मावतें, आणि याची उंची सुमारें सहा फूट भरते. गोमंतकीय वादकांनीं मुंबईच्या हॉटेलांतील आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून तें पुष्कळ वर्षें वाजविलें, तरी त्याचें नांव विचारलें असतां बहुतेक श्रोत्यांस सांगतां येत नाहीं. कारण उघड आहे. हें वाद्य पुढें येऊन गात नाहीं. इतरांच्या गाण्याखालीं तें पायासारखें राहतें, आणि घराचा पाया पाहावयास कोणी जात नाहीं. अशा वाद्यावर गवयाच्या गळ्यासारखी गायकी काढून युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांतील श्रोत्यांस थक्क करणारा एक पुरुष एकोणिसाव्या शतकांत होऊन गेला. त्याचें नांव ज्योव्हान्नी बोत्तेसिनी. त्याचें वाद्य त्यास कसें मिळालें ही हकीकत, माझ्या मतें, त्याच्या सर्व चरित्राची किल्ली आहे.

बोत्तेसिनीचा जन्म २२ डिसेंबर १८२१ रोजीं उत्तर इटलींतील क्रेमा या गांवीं झाला. त्या काळीं हा प्रांत ऑस्ट्रियाच्या सत्तेखालीं होता. बाप पिएत्रो हा क्लॅरिनेट वाजवी व थोडी संगीतरचनाही करी. घरांत सुबत्ता नव्हती. मुलाचा कान चांगला आहे हें ओळखून बापानें त्यास लहानपणींच एका संगीतज्ञ धर्मोपदेशकाजवळ व्हायोलिन शिकावयास घातलें. मुलगा चर्चच्या गायकवृंदांत गाई, आणि गांवच्या नाटकगृहांत टिंपनी नांवाचीं नगाऱ्यांसारखीं वाद्यें वाजवी.

१८३५ सालीं त्यास मिलानच्या संगीतविद्यालयांत घालावें असें बापाच्या मनांत आलें. खर्च करण्याची ऐपत नसल्यामुळें मोफत जागा मिळाली तरच शिक्षण होणार. आणि चौकशी करतां कळलें कीं अशा दोनच जागा शिल्लक आहेत, एक बसूनची आणि दुसरी डबल बासची. बसून हें फुंकून वाजवावयाचें लांब लांकडी वाद्य. त्याचा मुलास गंधही नव्हता. डबल बास निदान गजानें वाजतो, एवढ्यावरून त्याची निवड झाली, आणि कांहीं आठवड्यांच्या तयारीवर तेरा वर्षांचा हा मुलगा परीक्षकांपुढें उभा राहिला. अशी आख्यायिका आहे कीं वाजवितां वाजवितां सूर चुकल्याचें त्याच्या स्वतःच्याच ध्यानांत आलें. तेव्हां परीक्षकांची क्षमा मागून त्यानें सांगितलें कीं बोटें कोठें ठेवावयाचीं हें एकदां समजलें म्हणजे अशी चूक पुन्हां होणार नाहीं. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, जागा मात्र त्यास मिळाली.

व्हायोलिन शिकलेल्या मुलास हा पालट सोपा नव्हता. व्हायोलिनच्या लगतच्या दोन तारांत षड्जपंचमाचें अंतर असतें. डबल बासमध्यें षड्जमध्यमाचें असतें. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी साडेतीन फुटांच्या आसपास असल्यामुळें दोन सुरांमधील अंतर इतकें मोठें कीं हाताच्या एका टप्प्यांत दोनतीनच सूर येतात. तारा जाड, त्या दाबावयास जोर लागतो, आणि सूर इतके खालचे कीं ते थोडे चुकले तर श्रोत्यास नुसती घरघर ऐकूं यावी. लुईजी रॉस्सी या शिक्षकाच्या हाताखालीं बोत्तेसिनीनें चार वर्षें या वाद्याचा अभ्यास केला. संगीतरचनेचें शास्त्रही तो तेथेंच शिकला. १८३९ सालीं तो बाहेर पडला तेव्हां एकल वादनाबद्दल मिळालेलें तीनशें फ्रँकांचें बक्षीस त्याच्या पदरीं होतें.

मिलानमध्यें कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारें एक नाटकगृह होतें. त्याच्या रंगमंचामागें, मोडक्या सामानाच्या ढिगांत, एक जुना डबल बास धूळ खात पडला होता असें सांगतात. तो १७१६ सालीं, म्हणजे जवळजवळ सव्वाशें वर्षांपूर्वीं, मिलानमध्येंच घडविलेला होता. घडविणारे तेस्तोरे घराण्यांतील कारागीर. गरुडाची पाटी लावलेलें त्यांचें दुकान त्या शहरांत प्रसिद्ध होतें. पण क्रेमोना गांवच्या स्त्रादिवारीसारखी त्यांची ख्याति नव्हती. तेस्तोरे मंडळींस शोभेची फिकीर कमी. लांकूड साधें वापरीत, आणि कडेची जी नाजूक पट्टी इतर कारागीर लांकडांत बसवीत, ती हे लोक पुष्कळदां पाठीवर नुसती कोरून दाखवीत. अर्थात् त्यांचें वाद्य डोळ्यांनीं पाहून घेण्यासारखें नसे. तें कानानेंच घ्यावें लागे.

जुना डबल बास विकत घेणें हें जुनें घर विकत घेण्यासारखें आहे. पुढची बाजू स्प्रूस नांवाच्या हलक्या लांकडाची असते. तारांचा ताण शंभर वर्षें सोसून ती खचलेली किंवा तडकलेली असूं शकते. आंतून किडीनें पोखरलें असल्यास बाहेरून पत्ता लागत नाहीं. मधल्या एखाद्या मालकानें आपल्या सोयीसाठीं खांदे कापून लहान केलेले असतात, मान बदललेली असते, चार तारांच्या वाद्याच्या तीन तारा किंवा तिनांच्या चार केलेल्या असतात. पोटांत घोडीच्या जवळपास एक लहानशी लांकडी दांडी उभी असते. तीच पुढच्या बाजूचा कंप पाठीस पोंचविते, म्हणून इटालियन लोक तिला वाद्याचा आत्मा म्हणतात. ती पडलेली असली तर उत्तम वाद्यही खोक्यासारखें वाजतें. यास्तव धुळींत पडलेल्या वाद्याचा खरा आवाज विकत घेतेवेळीं कोणासच ऐकूं येत नाहीं. गिऱ्हाइकानें तो तर्कानें ओळखावयाचा, आणि दुरुस्तीसाठीं निराळे पैसे राखून ठेवावयाचे.

या वाद्याची किंमत नऊशें सांगितली जाते, म्हणजे बक्षिसाच्या तिप्पट. उरलेली रक्कम एका नातेवाइकानें उसनी दिली. ज्याला अजून नोकरी नव्हती, ज्याचा बाप गरीब, अशा अठरा वर्षांच्या आंतबाहेरील मुलानें कर्ज काढून बाहुल्यांच्या अडगळींतील वाद्य घ्यावें, हें त्या वेळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस शहाणपणाचें वाटलें असेल असें मला वाटत नाहीं. त्या पैशांत नवें, धडधाकट वाद्य मिळालें असतें आणि वाद्यवृंदांतील मागच्या रांगेस तें पुरलेंही असतें. पण त्याला मागच्या रांगेंत राहावयाचें नव्हतें. लांकूड जुनें होऊन वाळलें म्हणजे चांगल्या वाद्याचा आवाज मोकळा होतो, अशी वादकांची जुनी समजूत आहे. आणि ज्याला या धिप्पाड वाद्याकडून गाणें म्हणवून घ्यावयाचें आहे, त्याला ढोबळ, गुरगुरणारा आवाज चालत नाहीं.

वाद्याबरोबर गजाचाही विचार करावा लागतो. डबल बासचा गज व्हायोलिनच्या गजापेक्षां आंखूड व जड असतो. उत्तम गज ब्राझील देशांतील पेर्नांबुको लांकडाचे करतात, आणि त्यांस घोड्याच्या शेपटीचे केंस लावून वर राळ घांसतात. त्या काळीं तो धरण्याच्या दोन तऱ्हा होत्या. बोत्तेसिनीच्या आधींच्या पिढींतील सर्वश्रेष्ठ वादक दोमेनिको द्रागोनेत्ती हा मूळचा व्हेनिसचा, पण १७९४ पासून लंडनमध्यें राहिला. तो बाहेरच्या बाजूस वांकलेला गज वापरी आणि तळहात वर करून खालून धरी. त्याचें आवडतें वाद्यही असेंच जुनें, सोळाव्या शतकांत नांवारूपास आलेल्या गास्पारो दा सालो या कारागिराचें होतें. विचेंत्सा येथील एका मठांतून तें त्याच्या हातीं आलें, आणि मृत्युपत्रानें त्यानें तें व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चला दिलें. बोत्तेसिनीनें गजाची निराळी तऱ्हा पत्करली. सेलो वाजविणाऱ्याप्रमाणें तो हात वरून ठेवून गज धरी. खालून धरलेल्या गजांत जोर विशेष, वरून धरलेल्यांत लवचिकपणा विशेष, असें त्या त्या पक्षाचे लोक म्हणतात. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. दोन्ही तऱ्हांचे वादक एकाच वाद्यवृंदांत शेजारीं शेजारीं उभे असलेले दिसतात.

आपल्या तेस्तोरेवर बोत्तेसिनी तीनच तारा ठेवी, आणि एकल वादनासाठीं त्या नेहमींपेक्षां निदान एक स्वर चढवून लावी. तार पट्टीवर न दाबतां बोटाचा नुसता स्पर्श करून बांसरीसारखे जे उंच सूर निघतात, त्यांत त्याचा हातखंडा होता. १८४० सालीं जन्मगांवीं क्रेमा येथें त्यानें पहिली जाहीर मैफल केली. १८४६ सालीं विद्यालयांतील मित्र लुईजी आर्दिती या व्हायोलिनवादकाबरोबर तो क्यूबा बेटांतील हवाना शहरीं गेला. तेथील ताकोन नाटकगृहांत त्यानें नोकरी धरली, आणि कोलंबसावर रचलेला त्याचा पहिला ऑपेरा तेथेंच रंगभूमीवर आला. एवढें मोठें वाद्य शिडाच्या जहाजांच्या त्या काळांत महासागरापार नेणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनींच करावी. दमट हवेंत आंतड्याच्या तारा घटकेघटकेस उतरतात, आणि सांधे सुटण्याची भीति निराळीच.

१८४९ सालीं तो लंडनमध्यें वाजविण्यास उभा राहिला. द्रागोनेत्ती तीनच वर्षांपूर्वीं, १८४६ मध्यें, वारला होता, आणि पन्नास वर्षें त्यास ऐकलेले कान तेथें होते. त्या कानांसही हा आवाज नवा वाटला. तेव्हांपासून लोक त्यास डबल बासचा पागानीनी म्हणूं लागले. ऑपेरा चालू असतांना तो पुढें उभा राहून वाद्यवृंदाचें संचालन करी, आणि मधल्या विश्रांतींत आपलें वाद्य रंगमंचावर आणवून त्याच ऑपेरांतील चिजांवर स्वतः रचलेल्या तानांची बरसात करी. नाटक पाहावयास आलेले लोक विश्रांतींत जागेवरून हलत नसत.

संचालक म्हणूनही त्याचें नांव मोठें झालें. पॅरिस, पालेर्मो, बार्सेलोना या शहरीं त्यानें तें काम केलें. त्यांतील एकच प्रसंग येथें सांगतों. व्हेर्दीचा आइदा हा ऑपेरा इजिप्तच्या खेदिवासाठीं केरो येथें प्रथम व्हावयाचा होता. पण पडदे व पोशाख पॅरिसमध्यें तयार झाले आणि १८७० च्या युद्धांत जर्मन फौजांनीं त्या शहरास वेढा दिल्यामुळें तेथेंच अडकले. अखेर २४ डिसेंबर १८७१ रोजीं पहिला प्रयोग झाला. व्हेर्दी स्वतः गेला नाहीं. त्यानें पत्रांनीं सूचना पाठविल्या, आणि वाद्यवृंद बोत्तेसिनीच्या हातीं सोंपविला.

त्यानें बरेच ऑपेरे लिहिले. आज ते क्वचितच ऐकूं येतात. डबल बाससाठीं त्यानें लिहिलेल्या रचना मात्र या वाद्याच्या प्रत्येक गंभीर विद्यार्थ्यास शिकाव्या लागतात, आणि त्याचें शिक्षणाचें पुस्तकही प्रसिद्ध आहे. पैसा त्याच्या हातांत टिकला नाहीं. व्हेर्दीच्या शिफारशीनें १८८९ च्या आरंभीं त्यास पार्मा येथील संगीतविद्यालयाचें मुख्याधिकारीपद मिळालें. तें सुख त्यानें सहा महिनेही भोगलें नाहीं. ७ जुलै १८८९ रोजीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, तो पार्मा येथेंच वारला. ज्या पागानीनीचें नांव लोकांनीं त्यास दिलें होतें, तो त्याच शहरांतील स्मशानभूमींत चिरनिद्रा घेत आहे.

तेस्तोरेचें तें वाद्य पुढें इंग्लंडांत गेलें, तेथून हात बदलत बदलत जपानांत एका खासगी संग्राहकाकडे पोंचलें.