डॉ. मेरी वॉकर : एका पदकाची नोंद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लष्करी शौर्याबद्दल जी पदके देण्यात येतात, त्यांत ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वश्रेष्ठ मानले जाते. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशात जे यादवी युद्ध झाले, त्या वेळी हे पदक प्रथम निर्माण करण्यात आले. व तेव्हापासून साडेतीन हजारांहून अधिक वीरांस ते मिळाले आहे. एवढ्या मोठ्या नामावळीत स्त्रीचे नाव एकच आहे, व ते डॉ. मेरी एडवर्ड्‌स वॉकर या बाईंचे होय. हे पदक त्यांस एकदा देण्यात आले, पुढे नामावळीतून त्यांचे नाव कमी करण्यात आले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी ते पुनः नोंदविण्यात आले. अशा या बाईंचे चरित्र आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींस व त्यांच्या पालकांसही बोधप्रद होईल असे वाटल्यावरून ते येथे संक्षेपाने देत आहो.

मेरीबाईंचा जन्म ता. २६ नोव्हेंबर १८३२ रोजी न्यूयॉर्क संस्थानातील ऑस्वेगो या गावी झाला. त्यांचे वडील अल्वा वॉकर हे शेतकरी असून त्यांस वैद्यकाची पुस्तके वाचण्याचा नाद होता. पाच मुली व एक मुलगा अशी त्यांस संतती होती. मुलीस शिकवून काय करावयाचे, हा प्रश्न आमच्या इकडील काही पालकांच्या तोंडी अजूनही मधून मधून ऐकू येतो. त्या काळी तो अमेरिकेतही घरोघर विचारला जात असे. अल्वा व त्यांच्या पत्नी व्हेस्टा यांनी त्या प्रश्नास आपल्या घरात थारा दिला नाही. आपल्याच जमिनीवर त्यांनी एक मोफत शाळा उघडली व मुलींस मुलाच्या बरोबरीने शिक्षण दिले. स्त्रियांनी कंबर करकचून आवळणारे पोशाख घालावे, ही त्या काळची रीत आरोग्यास घातक आहे असे या दांपत्याचे मत असल्यामुळे मुलींवर तीही सक्ती त्यांनी केली नाही.

शिक्षण पुरे होताच मेरीबाईंनी काही काळ एका खेडेगावच्या शाळेत शिक्षिकेचे काम केले आणि त्या पगारातून पैसा साठवून सिराक्यूज येथील मेडिकल कॉलेजात नाव घातले. १८५५ साली त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या वर्गात त्यांच्याखेरीज दुसरी स्त्री नव्हती. आपल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी संपादन केली ती १८८६ साली, म्हणजे यानंतर एकतीस वर्षांनी. मेरीबाईंचा काळ किती मागचा होता, हे यावरून वाचकांच्या लक्षात येईल.

त्याच वर्षी आपल्या एका सहाध्यायाशी त्यांचा विवाह झाला व उभयतांनी त्याच संस्थानातील रोम नावाच्या गावी दवाखाना घातला. परंतु स्त्री डॉक्टरकडून औषध घेण्यास लोक धजेनात. त्यामुळे दवाखाना चालला नाही, आणि पुढे विवाहही टिकला नाही. बाईंचा पोशाखही लोकांस रुचत नसे. गुडघ्यापर्यंतचा आखूड झगा व त्याखाली विजार असा वेष त्या करीत. कारण धुळीतून लोळणारा घोळदार पायघोळ झगा रोग्याच्या खाटेजवळ घेऊन जाणे त्यांस पटत नसे.

१८६१ साली यादवी युद्धास तोंड लागले. उत्तरेकडील संस्थाने ऐक्य टिकविण्यासाठी व दक्षिणेकडील संस्थाने गुलामगिरीच्या पायावर आपले निराळे राज्य उभारण्यासाठी लढू लागली. मेरीबाई गुलामगिरीच्या कट्टर विरोधक होत्या. बुल रनच्या पहिल्या लढाईनंतर वॉशिंग्टन शहर जखमी शिपायांनी भरून गेले असता त्या तेथे गेल्या आणि लष्करात सर्जनची जागा मिळावी असा अर्ज त्यांनी केला. त्या काळी स्त्रियांस लष्करात परिचारिका म्हणून घेत असत. सर्जनची सनद देण्याचा परिपाठ नव्हता. तो अर्ज नामंजूर झाला. तेव्हा बाईंनी घरची वाट धरली नाही. सरकारी पेटंट ऑफिसच्या इमारतीत एक तात्पुरते इस्पितळ उघडण्यात आले होते. तेथे त्या बिनपगारी मदतनीस डॉक्टर म्हणून राबू लागल्या. जखमी नातलगांस पाहावयास दूरदूरच्या गावांहून बायका येत, त्यांची उतरण्याची सोय करण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. गरज नसता शिपायांचे हातपाय कापले जात आहेत, असे त्यांस दिसून आले. तेव्हा शस्त्रक्रियेस नकार देण्याचा हक्क रोग्यास आहे, ही गोष्ट त्या शिपायांस हळूच समजावून सांगत.

१८६२ च्या अखेरीस फ्रेडरिक्सबर्ग येथे, व पुढील वर्षी चिकामॉगाच्या लढाईनंतर चॅटनूगा येथे, त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. १८६४ च्या आरंभी ओहायोच्या ५२ व्या पलटणीचा दुय्यम सर्जन मृत्यू पावला, तेव्हा जनरल जॉर्ज थॉमस यांनी त्या जागी मेरीबाईंची योजना केली. लष्करी डॉक्टरांनी याविरुद्ध गिल्ला केला. परंतु जनरलसाहेब आपल्या हुकुमावरून ढळले नाहीत. दोन्ही सैन्यांच्या मधल्या मुलखात रोगराई व उपासमार माजली होती, आणि तेथील रयतेस डॉक्टर म्हणून कोणी उरला नव्हता. ती रयत शत्रुपक्षाची होती. तरीही मेरीबाई घोड्यावर बसून एकट्याच त्या वस्त्यांतून जात व आजारी माणसांस औषधपाणी देत. अशाच एका फेरीत ता. १० एप्रिल १८६४ रोजी त्या शत्रूच्या पहारेकऱ्यांच्या हाती सापडल्या. त्या हेर असाव्या असा वहीम घेऊन त्यांस रिचमंड शहरातील ‘कॅसल थंडर’ नावाच्या तुरुंगात डांबण्यात आले. तेथे सुमारे चार महिने त्यांनी निकृष्ट अन्नावर काढले. त्यांची प्रकृती खालावली आणि दृष्टीस कायमचा अपाय झाला. ता. १२ ऑगस्ट रोजी कैद्यांची अदलाबदल झाली, तीत त्यांच्या मोबदल्यात शत्रूचा एक सर्जन सोडण्यात आला. सनद मागता मिळाली नव्हती, पण कैद्यांच्या अदलाबदलीत आपले मोल सर्जनाइतके धरले गेले, याचे बाईंस मोठे समाधान वाटत असे.

सुटकेनंतर दरमहा शंभर डॉलर पगाराच्या करारावर सरकारने त्यांस डॉक्टर म्हणून नेमले. हा करार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कराराने नेमलेला डॉक्टर लष्कराचे काम करी, लष्कराबरोबर हिंडे, लष्कराबरोबर मरे. पण कागदोपत्री तो मुलकी मनुष्य राही. पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ या एका शब्दात आहे.

युद्ध संपल्यावर बाईंनी आपणांस लष्करी हुद्दा मिळावा अशी पुनः मागणी केली. जनरल शर्मन व जनरल थॉमस यांनी त्यांच्या कामाची शिफारस केली होती. परंतु स्त्रीस हुद्दा देण्यास पूर्वीचा दाखला नाही, असा खल खात्यात निघाला. तेव्हा प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सन यांनी हुद्द्याऐवजी त्यांस ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्याचा हुकूम केला. त्यावर ता. ११ नोव्हेंबर १८६५ रोजी सही झाली. योगायोग असा की, उपरिनिर्दिष्ट आनंदीबाई जोशी यांचा जन्मही त्याच वर्षी झाला.

यानंतरची पन्नास वर्षे मेरीबाईंनी व्याख्याने देण्यात, पुस्तके लिहिण्यात व स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडण्यात घालविली. पुरुषी पोशाख केल्याबद्दल निरनिराळ्या शहरांतील पोलिसांनी त्यांस अनेकदा पकडले. त्यांचे पेन्शन प्रथम दरमहा अवघे साडेआठ डॉलर होते. उतारवयात गरिबी आली. लोक हसत, मुले मागे लागत. परंतु कोटावर लावलेले ते पदक बाईंनी कधी उतरविले नाही.

इकडे त्या पदकाचीच किंमत उतरत चालली होती. युद्धकाळी ते फार सढळ हाताने वाटण्यात आले होते. मेन संस्थानाच्या २७ व्या पलटणीतील शिपायांस केवळ आणखी काही दिवस नोकरीत राहावे यासाठी ते देऊ करण्यात आले व अखेर आठशेंहून अधिक पदके त्या एकाच पलटणीच्या नावावर चढली. ही अव्यवस्था मोडण्यासाठी १९१६ साली कायदा होऊन पाच निवृत्त सेनापतींचे एक मंडळ नेमण्यात आले. जनरल नेल्सन माइल्स हे त्याचे अध्यक्ष होते. मंडळाने २,६२५ पदकांचे कागद तपासून १९१७ साली ९११ नावे कमी केली. त्यांत ८६४ नावे वर सांगितलेल्या पलटणीची होती. मंडळाचे हे काम बव्हंशी योग्यच होते, असे आम्हांस वाटते.

परंतु त्याच ९११ मध्ये मेरीबाईंचेही नाव होते. पदक लष्करातील मनुष्यासच देता येते, डॉ. वॉकर कराराच्या डॉक्टर, अतएव मुलकी. सबब नाव कमी करावे, असा हिशेब झाला. कायद्याच्या अक्षराकडे पाहता यात खोट काढणे कठीण आहे. तथापि बाई मुलकी का राहिल्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्यांनी तर पहिल्या दिवसापासून लष्करी सनद मागितली होती. ज्या खात्याने ती केवळ त्या स्त्री म्हणून नाकारली, त्याच खात्याच्या दप्तरात सनद सापडत नाही, म्हणून त्यांचा सन्मान रद्द झाला. आपणच दार लावून घ्यावयाचे आणि मग पाहुणा घरात का नाही म्हणून त्यास दोष द्यावयाचा, असा हा न्याय झाला.

मेरीबाई त्या वेळी चौऱ्यांशी वर्षांच्या होत्या. त्यांनी पदक परत करण्याचे साफ नाकारले आणि पूर्वीप्रमाणेच ते छातीवर लावून त्या हिंडत राहिल्या. ता. २१ फेब्रुवारी १९१९ रोजी ऑस्वेगो येथे त्या निवर्तल्या. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १९२० च्या ऑगस्टात, अमेरिकेतील स्त्रियांस मताधिकार देणारी घटनादुरुस्ती अमलात आली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

लष्करी दप्तरातील चूक दुरुस्त करावयाची तर पूर्वी एकेका माणसासाठी काँग्रेसमध्ये स्वतंत्र कायदा आणावा लागे. १९४६ च्या कायद्याने ही पद्धत बदलून लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी मुलकी गृहस्थांची मंडळे स्थापण्याची तरतूद झाली. नोंदीत चूक किंवा अन्याय आहे असे पुराव्यानिशी दाखविल्यास तीत बदल करण्याची शिफारस अशा मंडळास करता येते. अन्याय हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारण अक्षरशः बिनचूक असलेली नोंदही अन्यायाची असू शकते, हे त्या शब्दाने मान्य झाले. मेरीबाईंच्या वंशातील मंडळींनी त्यांचे प्रकरण या मंडळापुढे नेले. मंडळाने जुने कागद काढले : सेनापतींच्या शिफारशी, करारपत्रे, कैदेची हकीकत. बाईंचे शौर्य व निष्ठा निर्विवाद असून त्या पुरुष असत्या तर सनद त्यांस खचित मिळाली असती, असा निष्कर्ष मंडळाने काढला. ता. १० जून १९७७ रोजी लष्कराचे सचिव क्लिफर्ड अलेक्झांडर यांनी त्यास मंजुरी दिली. त्या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ होत. गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या बाईंचे नाव त्यांच्या अमदानीत पुनः लिहिले गेले, ही ईश्वरी योजनाच आम्ही समजतो.

पुढे १९८२ साली बाईंच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट निघाले व २०२४ साली पाव डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा उमटली. २०२३ साली व्हर्जिनियातील एका लष्करी तळास त्यांचे नाव देण्यात आले व २०२५ साली ते बदलण्यात आले. जगातील मान असा येतो आणि जातो. परंतु पदकाच्या नामावळीतील त्यांची नोंद कायम आहे.

पवित्र शास्त्रातील एस्तेरच्या पुस्तकात मर्दखयाची गोष्ट आहे, ती आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. त्याने राजाचा जीव वाचविला, ती हकीकत बखरीत लिहिली गेली, आणि बक्षीस मात्र राहून गेले. एका रात्री राजास झोप येईना, म्हणून त्याने बखर वाचावयास लाविली, तेव्हा ती राहिलेली गोष्ट उघडकीस आली. मर्दखयास आपला सन्मान डोळ्यांनी पाहावयास मिळाला, मेरीबाईंस मिळाला नाही. परंतु दोघांचेही काम कोणी तरी प्रामाणिकपणे लिहून ठेविले होते, म्हणूनच न्यायास वाट मिळाली. शिफारसपत्रे जपली नसती, तर १९७७ च्या मंडळापुढे ठेवावयास काय उरले असते?

आमच्या शाळेच्या रजिस्टरात मुलाचे नाव व जन्मतारीख लिहिली जाते, ती पुढे परीक्षेत, नोकरीत व पेन्शनीत जन्मभर त्याची सोबत करते. यासाठी पालकांनी मुलास दाखल करते वेळी ती नोंद स्वतः वाचून पाहावी, आणि चूक आढळल्यास संकोच न करिता त्याच वेळी सांगावी. आमचे विद्यार्थीही पुढे कचेऱ्यांत, इस्पितळांत व शाळांत बसून दुसऱ्यांची नावे लिहितील. त्या वेळी त्यांनी लेखणी जपून चालवावी. आणि जुने दप्तर घेऊन एखादी म्हातारी बाई दाराशी आली, तर नियमाचे पुस्तक उघडण्यापूर्वी तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.