विश्लेषण : ग्वाल्हेरच्या माधवरावांची चांदीची आगगाडी नुसता राजेशाही छंद होता का?

मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहिलेल्या नागपूरकरांना लहान इंजिनांचे वेड नवे नाही. पण एका मराठी राजाने हे वेड थेट जेवणाच्या टेबलावर आणले होते. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची चांदीची आगगाडी आजही पर्यटकांचे आकर्षण आहे. त्यांनी उभारलेली खरी छोटी रेल्वे मात्र बंद पडली. हे कसे झाले?

माधवराव शिंदे कोण होते?

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. याच घराण्यातील महादजी शिंदे यांनी उत्तरेत मराठ्यांचा दबदबा निर्माण केला. माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. सुरुवातीची वर्षे कारभार रीजन्सी कौन्सिलने पाहिला. १८९४ मध्ये माधवरावांकडे पूर्ण अधिकार आले.

रेल्वे या घरात आधीच आली होती. आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी जयाजीरावांनी इंग्रज सरकारला मोठी रक्कम दिली होती. ती रेल्वे मुलाच्या हाती आली तेव्हा तिला छंदाचे रूप मिळाले. इंजिनाच्या फूटप्लेटवर उभे राहून गाडी स्वतः हाकण्याची माधवरावांना आवड होती.

आधी खेळणे की आधी रेल्वे?

टेबलावरच्या खेळण्यातून पुढे खरी रेल्वे उभी राहिली, असा अनेकांचा समज आहे. क्रम उलटा आहे. १८९० च्या दशकात माधवरावांनी स्वतःच्या वापरासाठी दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर रुंदीचा छोटा लोहमार्ग टाकला. नेरळ-माथेरानच्या गाडीची रुंदीही तेवढीच. विदर्भातील ‘शकुंतला’ आणि नागपूर-छिंदवाडा या नॅरोगेज मार्गांची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. म्हणजे ग्वाल्हेरची गाडी त्याहूनही लहान.

रूळ जितके जवळ, तितका भराव कमी, पूल हलके आणि वळणे घेणे सोपे. खर्च कमी असल्याने हौसेचा मार्ग वाढवणे राज्याला परवडले. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’चे उद्घाटन झाले. भिंड आणि शिवपुरी जोडले गेले, नंतर सबलगढ आणि श्योपूर. एका राजाची हौस अशा रीतीने खेड्यापाड्यांतल्या लोकांची गाडी झाली. ग्वाल्हेर-श्योपूर हा १९८ किलोमीटरचा मार्ग जगातील सर्वांत लांब नॅरोगेज मार्गांपैकी एक मानला जात असे.

चांदीची गाडी त्यानंतरची. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक या मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीने ती १९०६ मध्ये तयार केल्याचे सांगितले जाते.

ती गाडी चालते कशी?

जयविलास महालाच्या भोजनगृहातील लांबलचक टेबलावर रूळ बसवले आहेत. छोट्या इंजिनामागे डबे जोडलेले असून त्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत. डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि सिगार ठेवलेले असत. गाडी पाहुण्यांसमोरून फिरे. कोणी सुरई उचलली की ती थांबे आणि परत ठेवली की पुढे निघे.

गाडी विजेवर चालते. अशा मॉडेल गाड्यांमध्ये रूळ हीच विजेची तार असते. प्रवाह रुळांतून चाकांत आणि तिथून मोटरमध्ये जातो. त्यामुळे या छंदातले सर्वांत कंटाळवाणे काम सर्वांत महत्त्वाचे ठरते, ते म्हणजे रूळ आणि चाके पुसणे. चांदी विजेची उत्तम वाहक असली, तरी हवेतील गंधकामुळे काळवंडते. धूळ किंवा तेलाचा थर बसला की गाडी झटके देते, अडते. दंतचक्रांना तेल थेंबभरच लागते, कारण जास्त झालेले तेल रुळांवर उतरते. आजही घरी मॉडेल इंजिने चालवणारे हौशी चालवण्यापेक्षा साफसफाईत अधिक वेळ घालवतात.

याच गाडीचा एक फजितीचा किस्सा ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या १९७५ च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचला. व्हाइसरॉयच्या मेजवानीत यंत्रणेत बिघाड होऊन गाड्या सैरावैरा धावल्या आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्सा सांडला, असे त्यात वर्णन आहे.

टीका का होते?

चांदीची गाडी प्रजेच्या सारावसुलीतून आलेल्या वैभवाची खूण आहे, हा आक्षेप टाळता येत नाही. भूक आणि दुष्काळ रयतेला नवे नव्हते, त्या काळात मेजावर सिगारची गाडी फिरत होती. मात्र याच राजाने त्याच आवडीतून प्रजेसाठी प्रवासी रेल्वेही उभारली, हेही खरे. इतर अनेक संस्थानिकांचे छंद महालाच्या भिंतींबाहेर गेले नाहीत.

पुढे काय झाले?

माधवरावांचे ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये निधन झाले. वय ४८. शिवपुरीत मातोश्रींच्या छत्रीसमोर त्यांची छत्री आहे. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा शिंदे संस्थानची रेल्वे आणि नागपूरला आलेली जीआयपी रेल्वे एकाच छत्राखाली आल्या.

जयविलास महालाचा काही भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून खुला आहे. चांदीची गाडी तिथेच आहे. श्योपूरची गाडी मात्र मार्च २०२० मध्ये करोनाकाळात थांबली ती थांबलीच. मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होत आहे. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजही २०१५ मध्ये अशाच रूपांतरासाठी बंद झाली. ब्रॉडगेज वेग आणि क्षमता देते, म्हणून ती हवीच. पण छोट्या मार्गाची इंजिने जपायची की भंगारात काढायची, हा निर्णय आजच घ्यावा लागतो. रूळ उखडल्यानंतर आठवण टिकते ती मोतीबागेसारख्या ठिकाणी कोणी निगा राखली तरच. टेबलावरची गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण तिच्याकडे लक्ष देणारे कोणीतरी होते.