नगरांचा माळी : पॅट्रिक गेडिस

यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणीच्या बाजूस सागाची राने गावांना लागूनच आहेत. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला झाडाच्या सावलीचे किंवा मोकळ्या अंगणाचे अप्रूप वाटत नाही. परंतु तेच मूल एखाद्या मोठ्या शहरातील चाळीत राहावयास गेले, म्हणजे भर दुपारी तापलेल्या भिंतींमध्ये त्याला पहिली आठवण होते ती झाडाची. शहरालाही वृक्ष, फुलबागा आणि खेळावयास मोकळी जागा हवी; ती केवळ शोभेसाठी नव्हे, तर माणसांनी निरोगी व आनंदी राहावे म्हणून हवी, हे ज्या पुरुषाने आपल्या देशातील नगरांच्या गल्लीबोळांतून पायी हिंडून सांगितले, त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंड देशातील बॅलटर या गावी झाला. त्यांचे वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब पर्थ नगराजवळ टेकडीच्या उतारावरील एका लहानशा घरात राहावयास आले. घराभोवती बाग होती. या बागेत वडिलांच्या हाताखाली काम करता करता पॅट्रिकला वनस्पतींचा लळा लागला. शिक्षणानंतर त्यांनी सुमारे दीड वर्ष पेढीत नोकरी केली. पण हिशेबाच्या वह्यांत त्यांचे मन रमेना. अखेर ते लंडनला गेले आणि टॉमस हक्सले या विख्यात शास्त्रज्ञाचे शिष्य झाले.

१८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिको देशात गेले असता त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. आजारपणात त्यांची दृष्टी गेली! डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. पंचविशीच्या त्या तरुणाचे सारे आयुष्य सूक्ष्मदर्शकावर अवलंबून होते. परंतु ते खचले नाहीत. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताने चाचपताना त्यांना एक कल्पना सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडावयाचे आणि एकेका चौकोनात एकेक विचार मांडून त्यांचा परस्परसंबंध पाहावयाचा, अशी ही रीत होती. पुढे दृष्टी परत आली, तथापि सूक्ष्मदर्शकातून तासन् तास पाहणे आता शक्य नव्हते. मग त्यांनी आपली नजर माणसांच्या वस्तीकडे वळविली. रोपाला जशी माती, पाणी व प्रकाश लागतो, तसे माणसाला काय लागते, हा त्यांचा प्रश्न होता.

एडिंबरो नगराच्या जुन्या भागात त्या काळी अत्यंत दाट व कोंदट वस्ती होती. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर गेडिस पतिपत्नी थोड्याच काळात मुद्दाम या वस्तीत राहावयास गेली. दुरून उपदेश करण्यापेक्षा शेजारी होऊन काम करावे, हे त्यांना अधिक पटले. दोघांनी शेजाऱ्यांच्या साहाय्याने घाण काढली, भिंतींना चुना दिला आणि खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या भागातील पडीक जागांची मोजणी केली. तेव्हा सुमारे दहा एकर भरतील अशा पाऊणशे जागा सापडल्या. त्यांतील काहींवर मुलांसाठी बागा झाल्या. या कामात त्यांची कन्या नोरा हिने पुढाकार घेतला होता. माती खणण्याचे कष्ट वस्तीतील मुलांनीही केले, आणि ज्या रोपाला आपण पाणी घातले ते कोण उपटील?

१९१४ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी गेडिस भारतात आले. नगररचनेचे नकाशे व चित्रे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन मागाहून जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज समुद्रात बुडविले. अनेक वर्षांचे परिश्रम तळाशी गेले! तरीही मित्रांच्या मदतीने त्यांनी नवी सामग्री जमविली आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उभे केले. पुढे ते नागपूरलाही आले.

ठाणे, बडोदे, लखनौ अशा अनेक नगरांची त्यांनी पाहणी केली. त्या काळी दाट वस्तीतून एक रुंद, सरळ रस्ता काढावा आणि आड येतील ती घरे पाडावी, अशी पद्धत होती. घरे गेलेली गरीब माणसे मग शेजारच्या गल्लीत दाटी करीत आणि रोगराई होती तशीच राही. गेडिस यांना हे मान्य नव्हते. कुशल वैद्य सडलेला भाग तेवढाच कापतो. तसे केवळ मोडकळीस आलेले घर काढावे, तेथे छोटा चौक करून झाड लावावे, जुनी विहीर साफ करावी, असे ते सांगत. डासांच्या भीतीने तलाव बुजविण्यासही त्यांचा विरोध होता. तलावात मासे सोडले की ते डासांच्या अळ्या खातात आणि पाण्यामुळे भोवतालची हवा थंड राहते. झाडाचेही तसेच आहे. पानांतून सतत पाण्याची वाफ बाहेर पडत असते, त्यामुळे झाडाखाली नुसती सावलीच नव्हे, तर खरा गारवा असतो. पाने धूळ अडवितात, आणि मुळांनी भुसभुशीत झालेल्या जमिनीत पावसाचे पाणी जिरते. फरसबंदी अंगणात हे घडत नाही.

१९१७ हे वर्ष मात्र त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. त्या वेळी ॲना तापाने अंथरुणास खिळल्या होत्या. म्हणून गेडिस यांनी ही वार्ता त्यांना कळू दिली नाही. जूनमध्ये त्याही गेल्या. हे दुहेरी दुःख उरात घेऊन हा वृद्ध शास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागला.

होळकरांच्या इंदूर संस्थानाने त्यांना बोलाविले होते. शहरात प्लेगाने कहर मांडला होता. नकाशा घेऊन गल्लीत फिरणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे लोक संशयाने पाहत. हाच प्लेग आणतो, असेही कोणी कुजबुजत. आता लोकांचे मन कसे जिंकावे? गेडिस यांनी एक विलक्षण मागणी केली. दिवाळीत एक दिवस आपणास इंदूरचे महाराज करावे! ती मान्य झाली. मग त्यांनी दवंडी पिटविली, की या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे अधिक स्वच्छ करतील, तेथून ती जाईल. मग काय विचारता! घरोघरी झाडलोट व रंगरंगोटी सुरू झाली. हजारो गाड्या केरकचरा शहराबाहेर गेला आणि उंदीर पकडले गेले. प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे.

मिरवणुकीत हत्ती होते, घोडेस्वार होते, सुगीचे देखावे होते. मागून घाणीचा प्रचंड राक्षस आणि भला मोठा उंदीर आला. त्यांच्यामागून स्वच्छ शुभ्र वेष केलेले, गळ्यात झेंडूच्या माळा घातलेले शहराचे सफाई कामगार चालले होते. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांना त्या दिवशी सर्वांदेखत मानाचे स्थान मिळाले. माझ्या मते त्या मिरवणुकीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. लक्ष्मीबरोबर इंदूर नगरीचीही देवता सजली होती, आणि लोकांना फळे, फुले व तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. त्यानंतर प्लेग ओसरला. त्याचा मोसमही संपत आला होता, हे खरे. पण गल्लीत दिसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे आता लोक आनंदाने स्वागत करू लागले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांची नेमणूक झाली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी. त्यांची योग्यता ओळखून गेडिस यांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्याची शिफारस केली. १९२४ मध्ये गेडिस यांनी मुंबई सोडली आणि विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली.

सत्तरीला आलेले गेडिस फ्रान्समधील माँपेल्ये नगराजवळ एका खडकाळ टेकडीवर राहिले. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवास बांधला आणि त्या दगडगोट्यांत बाग फुलविण्यास आरंभ केला. १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. एडिंबरोतील त्यांच्या लहान बागांपैकी काही आजही आहेत.