विश्लेषण : पुण्याच्या पाण्याचे गणित विश्वेश्वरय्यांनी कसे मांडले होते?

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो आणि म्हैसुरी फेटा बांधलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागते. त्यांचे नाव घेतले की आठवते ते म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण. मात्र नोकरीची पहिली दोन तपे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. नाशिक, खान्देश, सक्कर, सुरत आणि पुणे येथे त्यांनी पाण्याची कामे केली. शहर वाढते, पाणी तेवढेच राहते, मग काय करायचे? या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे आजही जुनी झालेली नाहीत.

पुण्याशी नाते कसे जुळले?

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ मध्ये कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी गावातला. वडील लवकर गेले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून १८८१ मध्ये बीए केले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचे सीओईपी. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

सुरुवातीच्या कामांपैकी एक खान्देशात होते. पांझरा नदीच्या खोऱ्यातील एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. ऐन पावसाळा असल्याने काम पुढे ढकलावे, असे या तरुण अभियंत्याने कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. अखेर पूर, गाळ आणि अडलेल्या वाटा यांच्याशी झुंजत त्यांनी काम पूर्ण केले.

पैसा नसताना शुद्ध पाणी कसे मिळाले?

सक्कर हे सिंध प्रांतातील शहर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८९४-९५ मध्ये तेथील पाणीपुरवठा विश्वेश्वरय्या यांच्याकडे आला. सिंधू नदी शेजारून वाहत होती. म्हणजे पाण्याला तोटा नव्हता, पण ते गढूळ होते आणि गाळण्याची यंत्रणा उभारण्याएवढा पैसा नगरपालिकेकडे नव्हता.

त्यांनी नदीच्या पात्रालाच गाळणी बनवले. पात्रात विहीर खोदली. वाळूतून झिरपून आलेले पाणी तेथून बोगद्याने काठावर आणले आणि पंपाने टेकडीवर चढवले. तेथून ते उताराने शहरात जाऊ लागले. त्यानंतर सुरतच्या पाणी योजनेचे कामही त्यांनी पाहिले.

खडकवासल्याची अडचण काय होती?

मुठा नदीवरचे खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला तेव्हा फाइफ तलाव म्हणत. पुणे आणि लष्कर भागाला पाणी देणे व कालव्याखालची शेती भिजवणे, अशी दुहेरी जबाबदारी या धरणावर होती. शहर वाढले, ऊसही वाढला आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले.

पावसाळ्यात मात्र उलटे चित्र दिसे. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीने वाहून जाई. तेच पाणी अडवता आले असते, तर उन्हाळ्याची तूट बरीच भरून निघाली असती. भिंतीची उंची वाढवणे हा सरळ उपाय होता. पण त्याला खर्च मोठा आणि मोठा पूर आला तर जुन्या भिंतीवर दाब वाढण्याचा धोका.

स्वयंचलित दरवाजे कसे चालत?

विश्वेश्वरय्या यांनी भिंतीला हात लावला नाही. १९०३ च्या सुमारास त्यांनी सांडव्यावर आठ फूट उंचीचे दरवाजे बसवले. दरवाजे बंद असताना तलावात आठ फूट जास्त पाणी साठे. पाणी ठरवलेल्या पातळीच्या वर गेले की ते शेजारच्या विहिरीत शिरे. तेथे टांगलेल्या वजनाचा तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पूर ओसरला की विहीर रिकामी होई, तोल पूर्ववत येई आणि दरवाजे बंद होत. ना वीज, ना इंजिन. मध्यरात्री पूर आला तरी माणसाने धावत जाऊन चाक फिरवण्याची गरज नव्हती.

धरण तेच राहिले, पण साठा सुमारे चतुर्थांशाने वाढला. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर झाले. मात्र ती सरकारी सेवेत असताना केलेली असल्याने त्यांनी मानधन नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असेच दरवाजे बसले.

साठा वाढला, मग वाटपाचे काय?

दरवाजांचे कौतुक झाले. त्याच काळातल्या त्यांच्या दुसऱ्या कामाला मात्र विरोध झाला. कालव्याच्या वरच्या अंगाचे बागायतदार उसाला मुबलक पाणी घेत. खालच्या गावांपर्यंत ते पुरत नसे. अतिपाण्याने जमिनीही बिघडत होत्या.

१८९९ मध्ये विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक’ पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक गावात ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, गटातील काही भागावरच ऊस घ्यायचा आणि उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके आलटून पालटून घ्यायची होती. पाणी मोजून आणि पाळीने मिळणार होते. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त गावे भिजली असती. पण ज्यांना हवे तेव्हा पाणी मिळत होते, त्यांना हे बंधन वाटले. विश्वेश्वरय्या यांना शेतकऱ्यांच्या बैठका घेऊन समजूत घालावी लागली. लोखंडी दार बसवणे सोपे होते, कुणाच्या तरी वाट्याला मोजमाप लावणे अवघड.

हैदराबादने काय शिकवले?

१९०४ पासून ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनीअर होते. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी या दोन्हींचा विचार त्यांना एकत्र करावा लागे. त्यानंतर त्यांनी मुंबईची नोकरी सोडली. भारतीयाला मुख्य अभियंता होण्याची संधी तेव्हा जवळपास नव्हती.

त्याच सुमारास, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुशी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. निजाम सरकारने त्यांना बोलावले. त्यांनी काठावर नुसत्या भिंती बांधायला सांगितले नाही. शहराच्या वर मुशी आणि तिची उपनदी ईसा यांवर जलाशय बांधावेत, असे सुचवले. पूर अडवणारे हेच पाणी शहराला पिण्यासाठी मिळणार होते. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. पूर आणि टंचाई हे एकाच नदीचे दोन प्रश्न आहेत, हा त्यामागचा विचार. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

त्या दरवाजांचे पुढे काय झाले?

१२ जुलै १९६१ रोजी काम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची जुनी भिंतही टिकली नाही. पुण्यात हाहाकार उडाला. पूर ओसरल्यावर शहरापुढे टंचाई उभी राहिली, कारण पाणी साठवणारे धरणच उरले नव्हते. अनेक ठिकाणी जुने आड आणि हौद पुन्हा कामी आले. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. खडकवासला पुन्हा बांधले गेले, पण दरवाजे नव्या पद्धतीचे आले.

आज या गणिताचा उपयोग काय?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे. त्यातून पुण्याची तहान भागते आणि कालव्यातून दौंड, इंदापूरकडची शेतीही भिजते. उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनावरून वाद होतो, तेव्हा वादाचा मुद्दा तोच असतो, जो १८९९ मध्ये होता : कुणाला किती आणि कधी?

वाहून जाणारे आधी अडवा, आहे ते मोजा, मग वाटा, हा विश्वेश्वरय्यांचा क्रम होता. त्यातले अडवणे पुण्याने मनावर घेतले. मोजणे आणि वाटणे मात्र तेव्हाइतकेच आजही वादाचे आहे.