काठावरचे डोळे

आमच्या कोकणातल्या घरामागे गेल्या हिवाळ्यात चवळीची कोवळी रोपे रातोरात शेंड्यापासून खुडली जाऊ लागली. पुतण्याचा संशय शेजाऱ्यांच्या शेळ्यांवर होता आणि गोष्ट भांडणापर्यंत आली होती. शेवटी त्याने एक ट्रॅप कॅमेरा आणला. जेवणाच्या डब्याएवढी हिरवट पेटी, फणसाच्या बुंध्याला पट्ट्याने आवळून बांधलेली. समोरून उबदार रक्ताचा जीव हलला की पेटीला ते कळते आणि ती आपली आपण चित्र काढते. रात्री माणसाच्या नजरेला जवळजवळ न दिसणारा प्रकाश ती वापरते. तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने मला चित्र पाठवले. वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटे. चवळीच्या वाफ्यात एक भेकर उभे होते, मान आमच्याकडे वळवलेली, डोळे दोन पणत्यांसारखे पेटलेले. शेळ्या निर्दोष सुटल्या.

घरातली मंडळी हसली आणि विसरली. मी मात्र ते डोळे पाहत बसलो. असे डोळे मी आयुष्यात एकदा प्रत्यक्ष पाहिले होते, त्याविषयी पुढे सांगेन. पण त्याआधी ज्या माणसाने अशा डोळ्यांचा जन्मभर पाठलाग केला आणि या हिरव्या पेटीचा पणजोबा म्हणावा असा सापळा अमेरिकेतल्या जंगलात लावला, त्याची ओळख करून द्यायला हवी. त्याचे नाव जॉर्ज शायरस. घराण्यातला या नावाचा तो तिसरा.

शायरसचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेघेनी या गावी झाला. हे गाव पुढे पिट्सबर्ग शहरात सामावून गेले. घर वकिलांचे. वडील नामांकित वकील होते आणि १८९२ मध्ये ते थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुलगाही कॉर्नेल आणि येल या विद्यापीठांत शिकून १८८३ मध्ये वकील झाला. इथवरची हकीकत कोणत्याही सुखवस्तू घरातल्या मुलाची शोभावी अशीच आहे. पण या घराण्याला आणखी एक वारसा होता, तो मासेमारीचा आणि शिकारीचा. आजोबा लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर मासे धरायला जात, मग वडील जाऊ लागले, आणि मुलगाही लहान वयातच त्यांच्याबरोबर निघाला. मिशिगन राज्यातले मार्क्वेट हे लोखंडाच्या खनिजाचे बंदर हा त्यांचा मुक्काम. तिथून पूर्वेला काही मैलांवर, दाट जंगलात, व्हाइटफिश लेक नावाचे छोटे तळे आहे. शायरसचे खरे विद्यापीठ हेच. पुढे त्याने लग्नही मार्क्वेटमधल्याच पीटर व्हाइट या गृहस्थांच्या मुलीशी केले. हे सासरे बँकवाले होते, ही गोष्ट माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला उगाचच सुखावून गेली.

त्या तळ्यावर हरणांची शिकार कशी होई? तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे असतात. उन्हाळ्यात माश्यांनी हैराण झालेली ही हरणे रात्री पाण्यात उतरतात आणि पाणवनस्पती खात उभी राहतात. त्या भागातले मूळ रहिवासी, ओजिब्वे लोक, होडीच्या नाळेवर जाळ पेटवून अंधारात निघत. मागे बसलेला माणूस वल्ह्याचा थेंबभरही आवाज होऊ न देता होडी पुढे सरकवी. उजेड पाहून हरीण पळत नाही, ते थिजते. काळोखात फक्त दोन डोळे चमकतात आणि त्या दोन ठिपक्यांच्या मधोमध नेम धरायचा. गोऱ्या शिकाऱ्यांनी जाळाच्या जागी दिवा ठेवला, बाकी युक्ती तीच. शायरसही ही युक्ती शिकला.

आपल्याकडेही ही पद्धत होती. मी १९७४ साली विदर्भात जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावच्या शाखेत होतो. तिथल्या एका ठेकेदाराने एके रात्री मला जीपमधून जंगल दाखवायला नेले. जीपवर सर्चलाइट होता. एका वळणावर झुडपांत दोन हिरवट दिवे लागले, स्थिर, विश्वासाने आमच्याकडे पाहणारे. बंदूक आणली आहे हे मला तोवर ठाऊक नव्हते. आवाज झाला आणि दिवे विझले. वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि कायद्याची पुस्तिका माझ्या टेबलावर नसली तरी मला तो माहीत होता. दुसऱ्या दिवशी त्या चितळाचा एक वाटा डब्यात घालून माझ्या घरी आला. तो मी परत केला नाही. घरात सर्वांनी तो बोकडाचे मटण म्हणून खाल्ला. आज हे प्रथमच सांगतो आहे.

शायरसचा हात बंदुकीवरून कसा सुटला, याची एखादी नाट्यमय कथा नाही. मारलेल्या हरणीपाशी रडत बसलेला शिकारी वगैरे चित्रपटात शोभणारे काही नाही. तो उत्तम नेमबाज होता आणि वर्षानुवर्षे तेच तळे, तीच रात्र, तोच नेम यात त्याला आव्हान उरले नव्हते. त्याच्या लक्षात आले की थिजलेल्या जनावराला मारायला कौशल्य फार लागत नाही, त्याचे चित्र काढायला मात्र लागते. मला ही कारणमीमांसा अधिक खरी वाटते. माणूस पुष्कळदा चांगुलपणाकडे कंटाळ्याच्या वाटेने पोहोचतो.

१८८९ च्या सुमारास त्याला दिवसा काढलेली हरणांची चित्रे जमू लागली. पण दिवसा हरणे फारशी दिसत नाहीत आणि तेव्हाच्या काचेच्या प्लेट्स मंद होत्या. म्हणून तो पुन्हा रात्रीकडे वळला. होडीच्या नाळेवर रॉकेलचा दिवा, त्याच्या जोडीला कॅमेरे आणि बंदुकीच्या जागी मॅग्नेशियमची भुकटी. ती पेटली की कानठळ्या बसवणारा स्फोट होई, तळे क्षणभर दिवसासारखे उजळे, आणि मग पांढऱ्या धुरात काहीच दिसत नसे. हरीण तर पळेच, होडीतली दोघेही काही वेळ आंधळी होत. होडी हाकायला जॉन हॅमर नावाचा त्याचा सोबती असे. १८९३ मधले या दोघांचे होडीतले छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्या सरंजामाकडे पाहिले तर ही मंडळी हरणाचे चित्र काढायला निघाली आहेत की किल्ला उडवायला, असा प्रश्न पडावा.

एवढे करूनही शायरसचे समाधान होईना, कारण माणूस होडीत होताच. मग त्याने स्वतःलाच वजा केले. हरणांच्या पायवाटेवर किंवा काठाला त्याने कॅमेरा ठेवला, वाटेवर बारीक दोरी ताणली, कुठे दोरीच्या टोकाला आमिष बांधले. जनावराचा धक्का लागला की दोरी ओढली जाई, भुकटी पेटे आणि कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. शिकाऱ्यांच्या सापळ्याचीच ही रचना, फक्त सापळा मिटल्यावर आत जनावर नसे. शायरस तंबूत झोपलेला असे. लांबून स्फोट ऐकू आला की कुणीतरी येऊन गेले एवढेच समजे. कोण, ते प्लेट धुतल्यावर.

आणखी एक करामत त्याने केली. पहिल्या प्रकाशाने हरीण दचकते हे तर ठाऊक होतेच. त्याने दोन प्रकाशांची योजना केली, पहिला दचकवायला आणि क्षणभराने दुसरा टिपायला. त्यातून काळ्या रात्रीत झेपावणाऱ्या हरणांचे चित्र मिळाले. चित्र अप्रतिम आहे. पण ते मिळावे म्हणून ती हरणे मुद्दाम घाबरवली होती, हेही विसरता येत नाही. आपण शिकार सोडली असे शायरसलाही वाटत नसावे. आपल्या कामाला तो अखेरपर्यंत शिकारच म्हणत राहिला.

१९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या रात्रीच्या चित्रांना सुवर्णपदक मिळाले. पण खरा गाजावाजा झाला १९०६ मध्ये. नॅशनल जिओग्राफिक हे मासिक तेव्हा नकाशे आणि अभ्यासपूर्ण लेख छापणारे गंभीर नियतकालिक होते. संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांनी शायरसची चित्रे पाहिली आणि जुलैच्या अंकात एकदम ७४ छापली. मजकूर अगदी थोडा. मंडळाच्या दोन सदस्यांनी संतापून राजीनामे दिले. त्यांच्या मते मासिकाचे चित्रांचे पुस्तक झाले होते. वाचकांनी मात्र अंक उचलून धरला, आणि पुढे ते मासिक जगभर ओळखले गेले ते चित्रांमुळेच. १९११ मध्ये शायरसला त्याच मंडळावर घेतले.

याच काळात हा मनुष्य राजकारणातही डोकावून आला. १९०३ ते १९०५ एवढी एकच मुदत तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात होता. पण १९०४ मध्ये त्याने मांडलेले एक विधेयक त्याच्या चित्रांइतकेच मोलाचे आहे. स्थलांतर करणारे पक्षी एका राज्यात जन्मतात, दुसऱ्यात हिवाळा काढतात आणि वाटेतल्या प्रत्येक राज्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. मग ते कोणत्या राज्याचे? शायरसचे म्हणणे, ते साऱ्या देशाचे, म्हणून त्यांचे रक्षण केंद्राने करावे. विधेयक तेव्हा बारगळले. तोच विचार १९१३ मध्ये कायदा झाला, खालच्या न्यायालयांनी तो घटनाबाह्य ठरवला, मग १९१६ मध्ये कॅनडातल्या पक्ष्यांसाठी ब्रिटनशी करार झाला, १९१८ मध्ये नवा कायदा आला आणि १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ज्या न्यायासनावर वडील १९०३ पर्यंत बसत होते, तिथेच मुलाच्या कल्पनेला मान्यता मिळाली. सोळा वर्षे लागली, एवढेच.

थिओडोर रूझवेल्ट हे त्याचे मित्र. १९०६ चा अंक पाहून राष्ट्राध्यक्षांनी त्याला पुस्तक लिहिण्याचा आग्रह केला. १९१३ मध्ये आपल्याला दारुडा म्हणणाऱ्या एका संपादकावर रूझवेल्ट यांनी मार्क्वेटच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा ते शायरसच्याच घरी उतरले होते. दावा जिंकला, भरपाई मिळाली सहा सेंट. पुस्तकाचे मात्र काम लांबतच गेले. शायरस यलोस्टोनच्या वरच्या खोऱ्यात हिंडला, तिथले मूस जातीचे थोराड हरीण वेगळे असल्याचे त्याने दाखवले आणि १९१४ मध्ये त्या उपजातीला त्याचे नाव मिळाले. दोन जाडजूड खंडांचे पुस्तक निघाले १९३५ मध्ये. आग्रह करणारे रूझवेल्ट जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती आणि लेखक शहात्तर वर्षांचा होता.

दोरी आणि भुकटीचा हा सापळा पुढे आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने शिवालिकच्या जंगलात लावला. त्यात रात्रीचे वाघ मिळाले. १९२५ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकाने ते पहिल्या पानावर छापले. चॅम्पियनने चित्रे ताडून पाहिली आणि प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हे ओळखले. जिम कॉर्बेट बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले त्यात चॅम्पियनच्या चित्रांचा वाटा मोठा. पट्ट्यांची ही खूण मोजणीच्या कामी यायला मात्र फार वेळ गेला. आपले वाघ दीर्घकाळ पावलांच्या ठशांवरून मोजले जात. एकच नोंद दोनदा धरली तर खातेवहीचे काय होते, हे बँकेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तोवर कागदावर ते होते. नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकातच ट्रॅप कॅमेऱ्यांनी पट्टे टिपून हिशेबाची नवी रीत घातली होती. पुढे ती देशभर आली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक चित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१.

उरलेल्या चित्रांत हरणे, सांबरे, डुकरे, गुरे आणि माणसेही होती. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसराविषयी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की सरपण आणि गवतासाठी जंगलात जाणाऱ्या बायका या कॅमेऱ्यांमुळे दबून वावरतात. पूर्वी त्या मोठ्याने बोलत, गाणी म्हणत, त्याने जनावरेही दूर राहत. आता त्या गप्प असतात. झाडाला बांधलेल्या डोळ्याला हरीण कोण आणि बाई कोण हे कळत नाही, हे शायरसच्या ओसाड तळ्यावर कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

१९२८ मध्ये शायरसने आपल्या सुमारे २४०० काचेच्या प्लेट्स नॅशनल जिओग्राफिक सोसायटीला देऊन टाकल्या. २४ मार्च १९४२ रोजी मार्क्वेटमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्या प्लेट्स अजून जपून ठेवलेल्या आहेत. पुष्कळांत काळे पाणी आहे, काठावरचे गवत आहे, आणि मधोमध एखादे हरीण, थिजलेले, सरळ आपल्याकडे पाहणारे. पुढच्या क्षणी ते पाणी उडवत जंगलात पळाले असणार.