उभ्या माणसांचा इंजिनिअर

मंडळाच्या ई-अंकासाठी चरित्रलेख मागवले की आपल्यातले अर्धे जण फादर स्टीफन्सकडे वळतात आणि उरलेले अर्धे एखाद्या कवीकडे. मीही स्टीफन्सवरच लिहिणार होते. पण मे महिन्यात घरी टीव्हीसमोर एक प्रश्न निघाला आणि मी त्याऐवजी एका इंजिनिअरच्या मागे लागले. आर्चिबाल्ड लीच त्याचं नाव. ब्रिटनमधल्या फुटबॉलवेड्यांना हे नाव नवं नाही. आपण त्याला ओळखत नसलो तरी त्याचं काम टीव्हीवर शेकडो वेळा पाहिलेलं असतं. आयब्रॉक्स, गुडिसन पार्क, क्रेव्हन कॉटेज, ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफिल्ड, हायबरी, व्हिला पार्क... या प्रत्येक मैदानावर या एकाच माणसाने काही ना काही बांधलं. चरित्रनायकाला अहो-जाहो करायची आपली पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. पण मामा त्याला सरळ आर्ची म्हणतो, तेव्हा माझ्याकडूनही अरे-तुरेच होणार.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वसईचा. तिथे चर्चमागच्या मैदानात तो राइट विंगला खेळायचा. मग बाइकचा अपघात झाला, पाठीचा कणा गेला, आणि सहा वर्षांपूर्वी तो व्हीलचेअरसकट आमच्याकडे गोव्यात राहायला आला. मागच्या मोसमात आम्ही त्याला एका मॅचला नेलं. कुठल्या स्टेडियमवर ते सांगत नाही, नाव घेऊन उपयोगही नाही. रॅम्प नाही म्हणून त्याला खाली सपाट जागेत, अ‍ॅम्ब्युलन्सशेजारी, जाहिरातीच्या फळ्यांमागे बसवलं. आम्ही वर स्टँडमध्ये. फळ्यांवरून त्याला खेळाडूंची डोकी आणि उंच मारलेला चेंडू एवढंच दिसत होतं. ट्रम्पेट, ढोल, आरडाओरडा सगळा त्याच्या पाठीमागे, वर. गोल झाला तेव्हा आम्ही अनोळखी लोकांच्या गळ्यात पडलो आणि खाली मामाच्या शेजारी फक्त एक कंटाळलेला सिक्युरिटीवाला होता. घरी येताना तो एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी टीव्हीवरच बघू, निदान कोणाला तरी मिठी मारता येईल.

त्यानंतर तो मॅचला आलाच नाही. म्हणून १८ मे २०२५ ला, एव्हर्टनच्या पुरुष संघाची गुडिसन पार्कवरची शेवटची मॅच आम्ही घरीच बघत होतो. एव्हर्टनने साउदॅम्प्टनला २-० हरवलं. पण मामाचं लक्ष वरच्या मजल्याच्या कठड्याकडे होतं. फुल्यांची माळ असावी तशी लोखंडी नक्षी. हे कोणी केलं, असं त्याने मला विचारलं. मी शोधलं, आणि आर्ची सापडला.

त्याचा जन्म २७ एप्रिल १८६५ चा, ग्लासगोच्या पूर्व भागातला. वडील लोहार. शाळा संपल्यावर तो इंजिनिअरिंगच्या कारखान्यात उमेदवारी करायला लागला. म्हणजे तो शिकलेला आर्किटेक्ट कधीच नव्हता, मेकॅनिकल इंजिनिअर होता, आणि पुढे मोठमोठ्या आर्किटेक्ट लोकांनी त्याला फारसं मोजलं नाही त्याचं हेही एक कारण असावं. सुरुवातीला त्याने कारखाने बांधले. त्यांतले काही सिलोनमधले, म्हणजे आजच्या श्रीलंकेतले, चहाचे कारखाने. मला हा तपशील फार आवडला. कांडीकडच्या डोंगरात पानं वाळवायच्या इमारती काढणारा माणूस पुढे लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना शनिवारी दुपारी कुठे उभं राहायचं ते ठरवणार होता. माझ्या मते त्याच्या स्टेडियममध्ये तो कारखानेवाला शेवटपर्यंत राहिला. माल किती येणार, कुठून आत घ्यायचा, किती दाटीने ठेवायचा, कुठून बाहेर काढायचा. फक्त माल म्हणजे माणसं.

१८९९ मध्ये त्याला रेंजर्सच्या नव्या आयब्रॉक्स मैदानाचं काम मिळालं. रेंजर्स हा त्याचा लहानपणापासूनचा आवडता क्लब. नंतर प्रेक्षकांसाठी तिथे पश्चिमेला उंच टप्पे झाले, लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून. तेव्हाच्या मैदानांत बहुतेक लोक उभ्यानेच मॅच बघायचे. अशा पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारावर हजारो माणसं खांद्याला खांदा लावून उभी.

५ एप्रिल १९०२. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. मॅच सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पश्चिमेच्या उंच टप्प्यांच्या मागच्या भागात फळ्या मोडल्या आणि भगदाड पडलं. शेकडो माणसं त्यातून सुमारे ४० फूट खाली गेली. २५ जण मेले, पाचशेहून जास्त जखमी झाले. लीच स्वतः त्या दिवशी मैदानावर होता. मॅच थांबवली, आणि गर्दी बिथरू नये म्हणून पुन्हा सुरू करून पुरी केली. १-१. नंतर ती रद्द धरून बर्मिंगहॅमला परत खेळवली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. एका टोकाला भोकातून माणसं काढतायत आणि मैदानात चेंडू फिरतोय.

कोर्टात लाकडाचा वाद रंगला. ठरलेलं लाकूड न वापरता हलकं पाइन वापरलं का, असा. लाकडाच्या ठेकेदारावर खटला चालला, तो निर्दोष सुटला. लीचला कोणी तुरुंगात टाकलं नाही. पण छत्तीस वर्षांच्या माणसाने आपल्या आवडत्या क्लबच्या मैदानावर, आपल्याच आराखड्यातून माणसं पडताना बघितली. त्याच्या मनात काय झालं ते मी लिहिणार नाही, कारण ती कादंबरी होईल. त्याने पुढे काय केलं ते मात्र समोर आहे. सांगाड्यावरचे लाकडी टप्पे बदनाम झाले ते कायमचे. त्याऐवजी मातीचे भराव घालून त्यांवर टप्पे. गर्दीचा लोंढा एकदम खाली येऊ नये म्हणून मध्ये मध्ये आडवे लोखंडी कठडे. या कठड्यांचं डिझाइन त्याने सुधारलं आणि पेटंटही घेतलं. ये-जा करायच्या वाटा कुठे सोडायच्या, कठडा कठड्याच्या नेमका मागे न ठेवता तिरका का सरकवायचा, असल्या गोष्टी त्याने बारकाईने ठरवल्या. आणि रेंजर्सने आयब्रॉक्सच्या दुरुस्तीचं काम पुन्हा त्यालाच दिलं. मला आधी हे पटेना. मामाला मात्र पटलं. त्याचं म्हणणं, ज्याने एकदा पडताना बघितलंय तोच पुढचं नीट बांधेल.

त्यानंतर कामांची रांगच लागली. १९०५ मध्ये एकाच वर्षी लंडनला क्रेव्हन कॉटेज आणि स्टॅमफर्ड ब्रिज. १९०९ मध्ये गुडिसनचं मोठं दुमजली स्टँड. १९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड, ८०,००० माणसांचं. पहिल्याच मॅचला मँचेस्टर युनायटेड लिव्हरपूलकडून ४-३ हरलं, तो भाग वेगळा. व्हिला पार्कचं ट्रिनिटी रोड स्टँड १९२० नंतरचं. ते सर्वांत देखणं म्हणतात, पण २००० साली पाडलं. आयब्रॉक्सचं लाल विटांचं मोठं स्टँड १९२९ चं, ते अजून दिमाखात उभं आहे. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कच्या टप्प्यांतही त्याचा हात होता. तिथे १९३७ च्या स्कॉटलंड-इंग्लंड मॅचला अधिकृत आकडा १,४९,४१५. वसई-विरारची एक मोठी वसाहत एका उतारावर उभी केली असं समजा.

त्याची रीत साधी आणि स्वस्त. वर बसायच्या खुर्च्या, खाली पुढे उभं राहायची जागा, दोन्हींच्या मध्ये तो फुल्याफुल्यांचा कठडा, उतरतं छप्पर, छपराच्या मधोमध त्रिकोणी कपाळ. क्लबांकडे पैसा बेताचा, मैदानं चाळींसारख्या घरांच्या रांगांमध्ये कोंबलेली. गुडिसनच्या तर एका कोपऱ्यात सेंट ल्यूकचं चर्च अगदी स्टँडला खेटून आहे. (आमचं नव्हे, अँग्लिकन. पण मैदान आणि चर्च इतके शेजारी शेजारी बघून मामाला घर आठवलं.) जागाच नाही म्हटल्यावर स्टँड मैदानाच्या काठापर्यंत आलं, छप्पर खाली राहिलं, आवाज त्याखाली कोंडला गेला आणि मैदानावर कोसळला. ज्याला आज सगळे माहोल म्हणतात तो लीचने मुद्दाम घडवला असं मला वाटत नाही. अडचणीच्या जागेत, कमी पैशांत, जास्तीत जास्त माणसं जवळ आणून उभी केली की तो आपोआप होतो. आपल्या फेस्ताच्या रात्री चर्चच्या अंगणात होतो तसा.

पण उभी केली, हा शब्द लिहिताना मी अडखळले. लीचच्या डोक्यातला प्रेक्षक कोण होता? टोपी घातलेला, धडधाकट, शनिवारी अर्धा दिवस कामावरून सुटलेला पुरुष, दोन तास धक्के खात उभा राहू शकणारा. वर बसायचं तर जिना. खाली उभं राहायचं तरी पायऱ्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या सुमारे ४१,००० सैनिकांचे हात किंवा पाय कापावे लागले. त्यांतले कितीतरी याच उतारांवर वाढलेले असणार. लीचची सगळ्यात सुंदर स्टँडं या युद्धानंतरची आहेत, आणि तीही जिन्यांचीच आहेत. १९०२ मध्ये पडणारी माणसं त्याने बघितली आणि सगळं बदललं. चढूच न शकणारी माणसं मात्र दाराबाहेरच राहिली, त्याच्या नजरेसमोर कधी पडलीच नाहीत. त्याला दोष देताना मी कचरते, कारण तेव्हा कोणीच देत नव्हतं. तरी देते.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अपंगांना सरकारी आरोग्यसेवेकडून छोट्या निळ्या तीनचाकी गाड्या मिळायच्या. लीचच्याच स्टॅमफर्ड ब्रिजवर या गाड्या मैदानाभोवतीच्या धावपट्टीवर ओळीने लावलेल्या जुन्या फोटोंत दिसतात. ते फोटो मी मामाला दाखवले. मला वाटलं त्याला राग येईल. त्याला हेवा वाटला. अगदी रेषेजवळ, मध्ये फळ्या नाहीत, आणि शेजारी आपल्यासारखाच दुसरा कोणीतरी. मग त्याच्या लक्षात आलं की शेजारच्याच्या आणि आपल्यामध्ये दोन काचा आहेत.

लीच २५ एप्रिल १९३९ ला गेला, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. सायमन इंग्लिस यांनी २००५ मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे नाव परत वर आलं. तोवर बरंच काही घडून गेलं होतं. १९७१ मध्ये आयब्रॉक्सच्याच १३ नंबरच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत ६६ जण गेले. १९८९ मध्ये हिल्सबरोला ९७. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे मोठ्या मैदानांतले उभं राहायचे टप्पे गेले आणि सगळीकडे खुर्च्या आल्या. जुने लोक म्हणतात, माहोल तिथेच संपला.

खुर्च्यांचं गणित मात्र मजेशीर आहे. स्टेडियम आखताना सी-व्हॅल्यू नावाची एक उंची धरतात. मैदानाच्या रेषेकडे जाणारी तुमची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, ती. ९० मिलिमीटर म्हणजे ठीक, १२० म्हणजे छान. पण हे सगळे बसलेले असतील तर! गोलच्या क्षणी सगळे उठतात आणि व्हीलचेअरवाल्यासमोर फक्त पाठी. म्हणून त्याची जागा बरीच उंच उचलावी लागते, पुढच्या उभ्या माणसांच्या डोक्यावरून दिसेल इतकी. त्यात खुर्च्या कमी होतात, तिकिटं कमी होतात, म्हणून क्लब टाळतात. इंग्लंडमध्ये अपंगांविषयीचा भेदभावविरोधी कायदा १९९५ मध्ये आला. तरी व्हीलचेअरच्या पुरेशा आणि नीट जागा देण्याचं वचन प्रीमियर लीगच्या क्लबांनी दिलं ते २०१५ मध्ये, ऑगस्ट २०१७ ची मुदत घालून, आणि काहींनी ती मुदतही पाळली नाही. जिथे जागा असतात तिथेही त्या बहुतेकदा शांत बाजूला असतात. गोलमागे, जिथे गाणी सुरू होतात, तिथे क्वचित. सुरक्षेसाठी, असं सांगतात. मला हे कारण अर्धंच खरं वाटतं. ज्यांनी लाखभर उभ्या माणसांना सांभाळायचे कठडे शोधून काढले, त्यांच्या धंद्यातल्या लोकांना दहा व्हीलचेअर गाणाऱ्यांच्या मध्ये सांभाळता येऊ नयेत?

एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमच्या विटांच्या भिंतीवर लीचच्या कठड्याची ती फुल्याफुल्यांची नक्षी मुद्दाम उतरवली आहे. तिथे व्हीलचेअरच्या जागा आराखड्यातच धरलेल्या. मी हे मामाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने नक्षीबद्दल काहीच विचारलं नाही. गोलपासून जागा किती लांब आहेत ते विचारलं. आणि मग, आपल्याकडच्या त्या स्टेडियममध्ये गोलमागच्या गेटला किती पायऱ्या आहेत, ते.

रविवारी मिस्सा संपल्यावर मी जाऊन मोजल्या. सात.